संकेतस्थळाचे पत्ते बदलताना कायमचा रीडायरेक्ट: आधी तक्ता, मग नियम

प्रश्न असा आहे: साइट जुन्या डोमेनवरून नव्या डोमेनवर न्यायची आहे आणि त्याच झटक्यात पत्त्यांची रचनाही बदलायची आहे. पूर्वी लेखाचा क्रमांक प्रश्नचिन्हानंतर यायचा, आता शीर्षकावरून पत्ता तयार होणार. जुन्या लिंकवरून येणारे वाचक आणि सर्चमधली जागा दोन्ही टिकवायची आहे. मग ३०१ (जुना पत्ता मागणाऱ्याला कायमचं नव्या पत्त्यावर वळवणारा, म्हणजेच रीडायरेक्ट करणारा, सर्व्हरचा उत्तर-कोड) कुठे लावायचा, कसा लावायचा आणि किती काळ ठेवायचा?

थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक जुन्या पानावरून त्याच मजकुराच्या नव्या पानावर, एकाच उडीत, सर्व्हरच्या पातळीवर ३०१ द्यायचा. तो निदान वर्षभर ठेवायचा आणि जमलं तर काढायचाच नाही. सर्व्हरवरचे नियम लिहायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो कोणता जुना पत्ता कुठे जाणार याचा तक्ता करण्यात, आणि बहुतेक स्थलांतरं बिघडतात तीही इथेच. नियम चुकला तर तासाभरात लक्षात येतं. तक्त्यातून सुटलेली दोनशे पानं मात्र तीन महिन्यांनी वाचक घटल्यावर दिसतात.

आधी कोडचं पाहू. ३०१ आणि ३०८ कायमचे, ३०२ आणि ३०७ तात्पुरते. ३०१ किंवा ३०२ मिळाला की ब्राउझर पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) विनंतीची गेट (नुसतं पान मागणारी) विनंती करून टाकतात, त्यामुळे फॉर्ममध्ये भरलेला मजकूर वाटेतच गळतो. ३०७ आणि ३०८ मध्ये विनंतीची पद्धत बदलत नाही. नुसत्या वाचायच्या पानांसाठी ३०१ पुरतो. जुन्या पत्त्यावर फॉर्म जमा होत असतील किंवा एपीआय (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायची सोय) चालत असेल, तर तिथे ३०८ वापरा. तरीही वेबहुक (काही घडलं की आपोआप येणारे संदेश) पाठवणाऱ्या बऱ्याच सेवा रीडायरेक्टच्या मागे जात नाहीत, ३०० च्या घरातलं उत्तर आलं की ते अपयश समजतात. अशा ठिकाणी पाठवणाऱ्याकडेच नवा पत्ता नोंदवून घ्यावा लागतो.

‘कायमचा’ हा शब्द ब्राउझर अगदी मनावर घेतो. ३०१ सोबत कॅशची (ब्राउझरच्या साठ्याची) मुदत दिली नसेल, तर तो उत्तर साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच नव्या पत्त्यावर जातो. म्हणजे तुम्ही चुकीचा ३०१ लावला आणि दहा मिनिटांत दुरुस्त केला, तरी त्या दहा मिनिटांत आलेले वाचक कॅश पुसेपर्यंत चुकीच्याच पानावर जात राहतील. त्यांच्या यंत्रावर तुमचा हात पोचत नाही. म्हणून सुरुवातीला सगळे नियम ३०२ म्हणून लावा, तपासा आणि खात्री पटल्यावरच ३०१ करा. दुसरा मार्ग म्हणजे ३०१ सोबत कॅश-कंट्रोल हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेत) ३६०० सेकंदांची मुदत द्यायची आणि पंधरवड्याने ती वाढवायची. स्वतः तपासताना खाजगी विंडो वापरा, नाहीतर कालचाच नियम आज पाहत बसाल.

आता तक्ता. जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी कुठल्याही एका ठिकाणी मिळत नाही. साइटमॅपमध्ये (सर्च इंजिनसाठीच्या पानांच्या यादीत) असतात ती आजची पानं. पाच वर्षांपूर्वी ज्यांना बाहेरून लिंक मिळाली ती पानं त्यात असतीलच असं नाही. डेटाबेस, सर्व्हरचे लॉग, अ‍ॅनालिटिक्समधली लँडिंग पानं (वाचक पहिल्यांदा उतरतात ती) आणि गूगलच्या सर्च कन्सोल या साधनातल्या बाहेरून आलेल्या लिंका असं सगळं एकत्र करून दुबार नोंदी काढा. सर्च कन्सोलच्या बहुतेक अहवालांतून एका वेळी १००० च ओळी बाहेर काढता येतात, त्यामुळे मोठ्या साइटला तेवढ्यावर विसंबता येत नाही. लॉग सर्वांत विश्वासाचे, कारण प्रत्यक्ष कोण काय मागतंय ते तिथेच दिसतं. चित्रं आणि पीडीएफ विसरू नका. अनेक साइटवर बाहेरून सर्वाधिक लिंका एखाद्या पीडीएफलाच असतात, आणि पानांची यादी करणाऱ्याच्या डोक्यात ती नेमकी येत नाही.

तक्त्यात तीन रकाने पुरेत: जुना पत्ता, नवा पत्ता, निर्णय. निर्णय तीनच प्रकारचे असतात. तोच मजकूर नव्या जागी असेल तर ३०१. दोन-तीन जुनी पानं एकत्र करून नवं पान केलं असेल, तर त्या सगळ्यांवरून त्या एका पानावर ३०१. मजकूरच काढून टाकला असेल आणि त्याला खरोखर जवळचं काही नसेल तर ४१० (पान कायमचं काढलं). ज्याचं काय करायचं कळत नाही ते सगळं मुखपृष्ठावर पाठवायचा मोह होतो, पण तो टाळा. सूप करायची कृती शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठ दाखवलं तर तो परत जातो, आणि गूगलही अशा रीडायरेक्टला ‘सॉफ्ट ४०४’ (४०४ म्हणजे पान सापडलं नाही) धरतं, म्हणजे त्या लिंकचं वजन कुठेच पोचत नाही. चांगलं ४०४ पान, शोधपेटीसह, त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

नियमांकडे वळू. फक्त डोमेन बदलत असेल आणि पुढचा मार्ग जसाच्या तसा राहणार असेल, तर काम एका ओळीचं आहे. एन्जिनेक्स या सर्व्हर-प्रोग्रॅममध्ये जुन्या डोमेनच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये ‘रिटर्न ३०१’ आणि पुढे नवं डोमेन, त्याला चिकटून रिक्वेस्ट-यूआरआय हा चल (व्हेरिएबल). त्यात मार्ग आणि प्रश्नचिन्हानंतरचा भाग दोन्ही येतात. अपाची या दुसऱ्या सर्व्हर-प्रोग्रॅममध्ये ‘रीडायरेक्ट ३०१’, मग नुसती तिरकी रेघ, मग नवं डोमेन, आणि त्या डोमेनच्या शेवटीही तिरकी रेघ. ही शेवटची रेघ राहिली की अपाची उरलेला मार्ग थेट डोमेनच्या नावाला जोडतो आणि ‘डॉट कॉमसंपर्क’ असा अस्तित्वात नसलेला पत्ता तयार होतो. मुखपृष्ठ मात्र व्यवस्थित उघडतं, त्यामुळे नुसतं तेवढंच तपासणाऱ्याला ही चूक दिसत नाही. अपाचीत ३०१ हा आकडा लिहायला विसरलात तर तो मुकाट्याने ३०२ देतो, हेही ध्यानात असू द्या.

तुमच्या बाबतीत मात्र रचनाही बदलते आहे, म्हणून जरा बारकाईने पाहावं लागेल. समजा जुना पत्ता ‘लेख.पीएचपी?आयडी=४५’ असा आहे. अपाचीच्या रीराइटरूल या पत्ता बदलणाऱ्या नियमाला प्रश्नचिन्हानंतरचं काही दिसतच नाही. त्याचा नमुना फक्त मार्गाशी जुळवला जातो. क्रमांक तपासायला त्याच्या वर क्वेरी-स्ट्रिंगवर (प्रश्नचिन्हानंतरच्या भागावर) रीराइटकॉन्ड ही अट लावावी लागते. तिथे नुसतं ‘आयडी=४५’ लिहिलं तर ४५२ आणि ४५९ क्रमांकाचे लेखही त्याच जाळ्यात सापडतात, आणि ‘पीआयडी=४५’ सुद्धा. म्हणून नमुन्याच्या आधी ‘सुरुवात किंवा अँड-चिन्ह’ आणि नंतर ‘अँड-चिन्ह किंवा शेवट’ अशा दोन्ही बाजू बांधा. दुसरी गोम अशी की अपाची जुनी क्वेरी आपोआप नव्या पत्त्यामागे जोडतो, म्हणजे सुंदर नव्या पत्त्याच्या शेपटीला ‘आयडी=४५’ लोंबकळत राहतं. ते नको असेल तर क्यूएसडी हा फ्लॅग (नियमाला जोडायची खूण) द्या (अपाची २.४ पासून आहे). आणि एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (एका फोल्डरपुरती अपाचीची सेटिंग) लिहीत असाल तर रीराइटरूलच्या नमुन्यात सुरुवातीची तिरकी रेघ येत नाही. इंटरनेटवरून उचललेला नियम चालत नाही त्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

शंभर लेखांपर्यंत अशा जोड्या हाताने लिहून चालतील. हजारांच्या घरात गेलात की अपाचीत रीराइटमॅप वापरा: एका साध्या फाइलीत डावीकडे क्रमांक, उजवीकडे नवा मार्ग. रीराइटमॅपची घोषणा मुख्य कॉन्फिगमध्ये किंवा व्हर्च्युअल होस्टमध्येच (त्यातल्या एका साइटपुरत्या भागात) करता येते, एचटीअ‍ॅक्सेसमध्ये नाही, त्यामुळे सामायिक होस्टिंगवर हा रस्ता बंद असतो. तिथे सरळ अ‍ॅप्लिकेशनमध्ये, म्हणजे जुन्या लेख.पीएचपी याच फाइलमध्ये, डेटाबेसमधून क्रमांकावरून नवा मार्ग शोधून ३०१ हेडर पाठवणं सोपं पडतं. पीएचपीच्या हेडर फंक्शनने नुसतं लोकेशन दिलं तर कोड ३०२ जातो, म्हणून ३०१ स्पष्टपणे द्यायचा आणि लगेच स्क्रिप्ट थांबवायची.

एन्जिनेक्समध्ये हे काम जास्त नेटकं होतं. मॅप ब्लॉकमध्ये ‘आर्ग-आयडी’ या चलावरून नवा मार्ग काढायचा, आणि सर्व्हर ब्लॉकमध्ये तो मार्ग रिकामा नसेल तर रिटर्न ३०१. क्वेरीत इतर काही असलं, क्रम मागेपुढे झाला, तरी फरक पडत नाही. इथली नेहमीची अडचण म्हणजे पत्ते लांब असले की एन्जिनेक्स मॅप-हॅश-बकेट-साइझ ही सेटिंग वाढवा म्हणत सुरूच होत नाही. २५६ किंवा ५१२ करून पाहा. या पद्धतीत बाकीची क्वेरी पूर्ण गळते. जाहिरातींच्या किंवा न्यूजलेटरच्या लिंकमध्ये यूटीएमची (वाचक कुठून आला ते सांगणारी) शेपटी असेल आणि ती मोजायची असेल, तर ती नव्या पत्त्याला मुद्दाम जोडावी लागते.

मराठी पत्त्यांचा विषय वेगळाच आहे आणि इथे बरेच जण अडकतात. ब्राउझरच्या पट्टीत देवनागरी दिसते, पण तारेवरून जाते ती टक्क्याच्या चिन्हांची माळ. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, आणि प्रत्येक बाइट तीन वर्णांत लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाचे नऊ वर्ण. मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे वेगळे मोजायचे. ‘शेतकऱ्यांसाठी’ या एका शब्दात १३ चिन्हं आहेत, म्हणजे ११७ वर्ण. वर्डप्रेसमध्ये लेखाच्या स्लगला (पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला) २०० वर्णांची मर्यादा आहे, म्हणून मराठी स्लग साधारण बावीस चिन्हांनंतर तुटतो. जुन्या पत्त्यांचा तक्ता शीर्षकावरून पुन्हा तयार करायला गेलात तर तो खऱ्या पत्त्यांशी जुळणार नाही. डेटाबेसमधला साठवलेला स्लगच घ्या.

त्यात ‘ऱ्या’ची भानगड. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह वापरतात, काही ‘र’ला हलंत देऊन मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट मात्र निराळे. अशा पत्त्याचा नियम हाताने टाइप करू नका, लॉगमधून उचलून चिकटवा. जुळवणी शक्यतो उलगडलेल्या (माळेची पुन्हा देवनागरी केलेल्या) रूपावर करा: अपाचीचा रीराइटरूल आणि एन्जिनेक्सचा ‘यूआरआय’ चल दोन्ही तसं करतात, त्यामुळे टक्क्यानंतरची अक्षरं लहान की मोठी हा प्रश्नही मिटतो. ‘रिक्वेस्ट-यूआरआय’ मात्र कच्चा असतो. नव्या पत्त्याच्या बाजूला अपाचीमध्ये साधी देवनागरी लिहा, तो स्वतः ती बदलून पाठवतो. तिथे टक्क्याची माळ लिहिली तर अपाची टक्क्याच्या चिन्हाचंच पुन्हा रूपांतर करतो आणि पत्त्यात ‘%२५’चं पीक येतं, शिवाय टक्क्यानंतर आकडा आला तर तो त्याला मागच्या अटीतला संदर्भ समजतो. एन्जिनेक्समध्ये उलट: रिटर्नमध्ये जे लिहाल ते तो तसंच पाठवतो, म्हणून तिथे माळच लिहा.

साखळीचं गणित पाहू. जुन्या साइटवर आधीच एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर, मग बिनडब्ल्यूवरून तीन डब्ल्यूवर असे नियम असतात. त्यात डोमेन बदलण्याचा नियम आणि शेवटच्या तिरक्या रेघेचा नियम शेवटी जोडला की चार उड्या होतात. गूगलचा बॉट दहा उड्यांपर्यंत मागे येतो, क्रोम वीस उड्यांनंतर हात टेकतो. पण प्रत्येक उडीला वेगळा फेरा लागतो आणि मंद इंटरनेटवर वाचकाला ते जाणवतं. तक्त्यातल्या खास नियमांना सर्वांत वर ठेवा आणि प्रत्येकाचं लक्ष्य अंतिम पत्ता असू द्या: एचटीटीपीएस, योग्य डोमेन, योग्य रेघ. पूर्वीच्या एखाद्या बदलाचे नियम शिल्लक असतील तर त्यांचीही लक्ष्यं थेट नव्या पत्त्यांकडे वळवा.

‘खूप जास्त रीडायरेक्ट झाले’ असा संदेश आला तर पहिला संशय प्रॉक्सीवर (मधल्या सर्व्हरवर) घ्या. पुढे सीडीएन (पानांच्या प्रती जवळून पुरवणारं मधलं जाळं) असेल आणि ते मूळ सर्व्हरशी साध्या एचटीटीपीने बोलत असेल, तर मूळ सर्व्हरला प्रत्येक विनंती असुरक्षित वाटते. तो एचटीटीपीएसवर पाठवतो, सीडीएन पुन्हा एचटीटीपीने विचारतं, आणि चक्र सुरू. क्लाउडफ्लेअरच्या ‘फ्लेक्सिबल’ पर्यायावर हे हमखास होतं. मूळ सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवून ‘फुल, स्ट्रिक्ट’ करा, किंवा नियमात एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (मूळ विनंती एचटीटीपीएसची होती का ते सांगणारा) तपासा.

जुन्या डोमेनचं सुरक्षा प्रमाणपत्र चालू ठेवणं हा सर्वांत दुर्लक्षित भाग. एचटीटीपीएसवरच्या जुन्या लिंकला ३०१ मिळण्याआधी ब्राउझर प्रमाणपत्र पाहतो. ते संपलेलं असेल तर वाचकाला लाल इशारा दिसतो, रीडायरेक्टपर्यंत गाडी जातच नाही. डोमेन विक्रेत्यांकडची ‘फॉरवर्डिंग’ सोयही नीट तपासून घ्या. काही ठिकाणी ती फक्त एचटीटीपीवर चालते, काही ठिकाणी मार्ग गाळून सगळ्यांना मुखपृष्ठावर सोडते. आणि डीएनएसमधल्या सीनेम नोंदीने रीडायरेक्ट होत नाही. ती फक्त सर्व्हर कुठे आहे ते सांगते, पत्त्याच्या पट्टीतलं नाव तेच राहतं.

वर्डप्रेसवर असाल तर एखाद्या लेखाचा स्लग बदलल्यावर जुना स्लग ते स्वतः लक्षात ठेवतं आणि वळवतं. विभागांची नावं, टॅग आणि डोमेन यांची जबाबदारी तुमची. शिवाय न सापडलेल्या पत्त्याला मिळताजुळता स्लग शोधून ते अंदाजाने कुठेतरी पाठवतं, त्यामुळे तक्त्यातून सुटलेली पानं ४०४ म्हणून दिसण्याऐवजी भलत्याच लेखावर जातात. तपासणीच्या काळात हा अंदाज बंद ठेवा. डेटाबेसमधले जुने पत्ते बदलायला डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाची सर्च-रिप्लेस आज्ञा वापरा, थेट एसक्यूएल नको, कारण सीरियलाइझ केलेल्या (एका ओळीत बांधून साठवलेल्या) मजकुरात अक्षरांची लांबी साठवलेली असते आणि ती चुकली की विजेट, सेटिंग सगळं कोरं होतं. जीयूआयडीचा (लेखाच्या कायम ओळखीचा) रकाना वगळा, नाहीतर फीड वाचणाऱ्यांना सगळे लेख नव्याने आल्यासारखे दिसू शकतात.

सर्व्हरवर हात टाकता येत नसेल, नुसत्या स्थिर फाइलींचं होस्टिंग असेल, तर जुन्या प्रत्येक पानात शून्य सेकंदांचा मेटा रिफ्रेश (पानातूनच दुसऱ्या पत्त्यावर नेणारी खूण) आणि नव्या पत्त्याचा कॅनॉनिकल (खरा पत्ता कोणता ते सांगणारी खूण) द्या. शून्य सेकंदांचा रिफ्रेश गूगल कायमचा मानतं, काही सेकंद थांबणारा तात्पुरता. जावास्क्रिप्ट अगदी शेवटचा उपाय.

चालू करण्याआधी पूर्ण तक्ता यंत्राकडून तपासून घ्या. कर्ल या आज्ञेने प्रत्येक जुना पत्ता मागवा आणि तीन गोष्टी जुळवा: पहिलं उत्तर ३०१ (चाचणीच्या टप्प्यात ३०२) आहे का, लोकेशन हेडर तक्त्यातल्या नव्या पत्त्याशी अक्षरशः जुळतो का, आणि त्या नव्या पत्त्यावर २०० (पान नीट सापडलं) मिळतो का. नुसते हेडर मागवणारा पर्याय हेड विनंती पाठवतो आणि काही अ‍ॅप्लिकेशन तिला वेगळं उत्तर देतात. म्हणून गेट विनंती पाठवून मजकूर फेकून द्यावा हे बरं. तक्त्यात नसलेले दहा-वीस पत्तेही मुद्दाम टाका: मोठ्या अक्षरातले, शेवटी रेघ असलेले आणि नसलेले, यूटीएम लावलेले.

नियम लागले की साइटच्या आतल्या सगळ्या लिंका, मेनू, कॅनॉनिकल, साइटमॅप थेट नव्या पत्त्यांवर आणा. स्वतःच्याच साइटमध्ये रीडायरेक्टवर फिरत राहणं म्हणजे आळस. सीडीएनवर साठलेली जुनी पानं पुसा, नाहीतर तिथून २०० मिळत राहील. जुन्या डोमेनच्या रोबोट्स फाइलमध्ये (बॉटने कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या) काहीही अडवू नका. बॉटला जुना पत्ता मागताच आला नाही, तर त्याला ३०१ दिसणार कसा? सर्च कन्सोलमध्ये दोन्ही डोमेनची मालकी सिद्ध करून ‘पत्ता बदला’ हे साधन वापरा. ते डोमेन बदलासाठीच आहे, अंतर्गत मार्ग बदलले तर त्याचा उपयोग नाही, आणि त्याचा परिणाम १८० दिवस चालतो. ३०१ मुळे पेजरँक (लिंकांवरून गूगल पानाला देतं ते वजन) गळतो ही समजूत जुनी आहे, गूगलने ती २०१६ मध्येच खोडून काढली. तरीही पहिले काही आठवडे क्रम वरखाली होतो. त्या काळात घाबरून नियम उलटे फिरवू नका: ज्यांच्या ब्राउझरने जुन्यावरून नव्यावर जाणं साठवलंय, त्यांना तुम्ही नव्यावरून जुन्यावर पाठवलंत की ते दोन्हींच्या मध्ये अडकतात. पहिल्या दिवशी आणि मग आठवडाभर दोन्ही डोमेनच्या लॉगमधले ४०४ वारंवारतेने लावून पाहा आणि वरून खाली तक्त्यात भरत जा.

किती काळ ठेवायचं? गूगलचं म्हणणं निदान एक वर्ष. पण पुस्तकांत छापलेले पत्ते, दुसऱ्यांच्या लेखांतल्या लिंका, लोकांचे बुकमार्क यांना वर्षाची मुदत माहीत नसते. हजार ओळींचा मॅप ठेवायला सर्व्हरला काहीच पडत नाही. काढायचाच असेल तर लॉगमधून बॉट वगळून गेल्या तीन महिन्यांत त्या पत्त्यांवर किती माणसं आली ते पाहून ठरवा. जुनं डोमेन सोडून दिलंत तर ते कोणीही घेऊ शकतो, आणि तुमच्या सगळ्या जुन्या लिंका, त्या डोमेनवरचे ईमेल पत्ते आणि त्या पत्त्यांवर येणारे पासवर्ड बदलायचे संदेश त्याच्या हाती जातात. म्हणून दोन्ही डोमेनचं नूतनीकरण आपोआप होऊ द्या आणि जुन्या डोमेनच्या प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या वीस दिवस आधी सूचना येईल अशी देखरेख त्याच दिवशी लावून टाका.